मसीफवरचे शुक्रवार

भूमध्य समुद्र मी चौदा वर्षांची असताना पाहिला. तोवर आमच्या घरातल्या कुणी कोकणातला समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. आमचं पाणी म्हणजे पवना. थेरगावातून खाली उतरलं की नदी, पलीकडे चिंचवड आणि त्याच्याही पलीकडे कंपन्या. आता मी पुनावळ्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. तो सुट्टीत कुठल्या कुठल्या बेटांवर जायचे बेत करतो, मोबाईलवर निळ्या पाण्याचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, "आई, चल की आमच्याबरोबर." मी म्हणते, पाहिलाय तो समुद्र. त्याला वाटतं मी टाळते आहे. त्याला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

थेरगावात आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटणकडच्या गावाहून पिंपरीला कंपनीत आले आणि मोठ्या गाड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री झाले. आमच्या भिंतीला भिंत लावून रशीदचाचांचं घर होतं. त्यांचं रस्त्यावर गॅरेज होतं. सकाळी आमची झोप कंपनीच्या भोंग्याने मोडायची आणि दिवसभर त्यांच्या हातोडीचा आवाज चालू असायचा. चेपलेला पत्रा आतून ठोकून वर काढायचा, तो आवाज हळूहळू बारीक होत जातो. पत्रा किती सरळ झाला ते माझा भाऊ दिगू उंबऱ्यात बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा. तो तेव्हा चार वर्षांचा होता. ट्रक कुठला, टेम्पो कुठला, यष्टी कुठली, हे तो पाठ फिरवून ओळखायचा आणि अण्णा कामावरून आले की ते त्याची परीक्षा घ्यायचे. अण्णांच्या हाताला डिझेलचा वास यायचा, साबणाने कितीही घासले तरी. आई हुलग्याचं माडगं करायची, त्यात गूळ जरा जास्त, कारण दिगू त्याशिवाय तोंड उघडायचा नाही. संध्याकाळी दोन्ही घरांच्या चुली एकदम पेटायच्या आणि आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा ठसका भिंतीपलीकडे जायचा. मग चाचांच्या बायको अमीनाखाला तिकडून खोकत ओरडायच्या, "काय केलंस ग आज?" आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन यायच्या.

अण्णा लिबियाला गेले ते रशीदचाचांच्या भावामुळे. तो तिकडे दोन वर्षं होता. चाचा अण्णांना म्हणाले, "भाऊ, तिकडं मिस्त्री माणसाला मान हाय. दोन साल काढा, आन् इथं सोताची जागा घ्या." अण्णांनी महिनाभर विचार केला. दिवाळीनंतर ते गेले. जाताना दिगूला म्हणाले, "मी विमानाचा आवाज ऐकून येतो, मग तुला शिकवतो." पत्र यायला तीन आठवडे लागायचे, जायला तितकेच. आईला अक्षरओळख होती, पण लिहायला बसली की ओळ वाकडी जायची, त्यामुळे पत्र मी लिहायची. आई समोर बसून सांगायची, "लिव, समदे बरे हाय. लिव, काळजी करू नका." दोन-तीन महिन्यांनी कुणी तिकडून येणारं असलं की अण्णा कॅसेट पाठवायचे. रशीदचाचांकडे टेपरेकॉर्डर होता. आम्ही सगळे त्यांच्या खोलीत बसून अण्णांचा आवाज ऐकायचो. मागे वाऱ्याचा आवाज असायचा.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस दिगूचा घसा सुजला. आधी आईने हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्याला पाणी गिळवेना. चाचांनी गिऱ्हाइकाचा टेम्पो काढला आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर घटसर्प आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई आणि चाचा परत आले. टेम्पोच्या मागच्या फळीवर आई बसली होती आणि तिच्या मांडीवर आमची घरातली चादर होती. मी दारात होते. अमीनाखालांनी मला आत ओढलं.

मला त्या दिवसाचं आणखी फार काही आठवत नाही. बायका आल्या, त्यांनी आईला रडायला लावायचा प्रयत्न केला. आई रडली नाही. तिने ताटात तांदूळ घेतले आणि निवडत बसली. निवडून झाले की पुन्हा तेच तांदूळ निवडायला घ्यायची. पाटणहून मामा आला. तेरावा झाल्यावर त्याने आई, मी आणि रशीदचाचा यांना समोर बसवून सांगितलं, "दाजींना येवढ्यात कळवायचं न्हाई. पासपोर्ट कंपनीकडं, सुट्टी न्हाई, त्यांना येता यायचं न्हाई. परमुलखात येकटा माणूस. जिवाचं काय करून घेतील, कुणी बघायचं?" चाचा खाली बघत म्हणाले, "मी माझ्या भावाला पण सांगत न्हाई. तो दुसऱ्या गावात असतो, पण तोंडातनं निघून जाईल." मामाने आईला विचारलं, "अक्का, तुला काय वाटतं?" आई म्हणाली, "लिवणारी ही हाय. तिला इचारा." मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर आठ महिने मी पत्रं लिहिली. आई समोर बसायची, पण सांगायची फक्त पहिली ओळ, सगळे बरे आहेत एवढी. पुढचं मी लिहायची. अण्णांच्या प्रत्येक पत्रात दिगूबद्दल काही ना काही विचारलेलं असायचं, आणि विचारलं की उत्तर द्यावं लागे. मी त्याला बालवाडीत घातलं. त्याचा एक दात पाडला. त्याची आणि चाचांच्या सलीमची भांडणं लावली आणि मिटवली. हे लिहिताना मला काही वाटत नव्हतं, हेच मला आज सांगायचं आहे. गणितं सोडवावीत तसं मी ते करत होते. एकदा अण्णांनी लिहिलं, "दिगूला आता अक्षरं येत असतील. त्याच्या हातचं काहीतरी धाड." मी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि पत्राच्या खाली अ काढला, मग आ, मग दि गू. गू पानाबाहेर गेला. आईने ते पाहिलं. ती उठली आणि पाणी भरायला गेली. कॅसेट भरताना मात्र अडचण यायची. आम्ही सांगायचो, तो लाजतो, टेपसमोर बोलत नाही. एकदा मागे सलीम हसला. अण्णांनी पुढच्या पत्रात लिहिलं की दिगूचं हसणं ऐकलं, आवाज जरा बदललाय.

मग त्यांचं पत्र आलं की ते फोरमन झाले, कंपनी दोन महिन्यांसाठी कुटुंबाला आणू देते आहे, तिघांनी यायचं. मामाने कागदपत्रं केली. आईचा पासपोर्ट निघाला आणि त्यावर माझं एकटीचं नाव चढलं. आम्ही निघण्याआधी अण्णांना पत्राने सगळं कळवायचं मामाने कबूल केलं होतं. मुंबईच्या विमानतळावर त्याने आईचा हात धरला आणि म्हणाला, "अक्का, मी लिवलं न्हाई. दोनदा बसलो, हात चालंना. तुमी समोर बसून सांगा." आईने मान हलवली. तिच्या पिशवीत मसाल्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पीठ होतं. ती पिशवी तिने विमानात मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्रिपोलीच्या विमानतळावर अण्णा कठड्याला टेकून उभे होते. रंगाने काळे पडले होते आणि मिशा काढल्या होत्या, त्यामुळे आधी ओळखू आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं. येणारी माणसं संपेपर्यंत ते मागेच बघत होते. मग म्हणाले, "आन् दिगू?"

आई म्हणाली, "गोवर उठलाय त्याला. मामाकडं ठिवलाय."

हे तिने ठरवलेलं नव्हतं. मी तिच्या शेजारी होते, तिचं तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. अण्णा म्हणाले, "गोवर अंगावर आस्ताना कुणी इमानात घेत्यात व्हय. बरं केलंस." आणि त्यांनी पिशवी घेतली.

त्यांचा कॅम्प तिथून गाडीने दोन तासांवर होता. समुद्राला धरून रस्त्याचं काम चालू होतं आणि कामगारांसाठी पत्र्याच्या तयार खोल्या एका रांगेत बसवलेल्या होत्या. आमच्या खोलीत दोन पलंग आणि एक लहान खाट होती. ती खाट अण्णांनी वर्कशॉपमध्ये पायपांची वेल्डिंग करून बनवली होती. पोरगं पडू नये म्हणून एका बाजूला दांडा लावला होता आणि वेल्डिंगचे सांधे कानशीने घासून गुळगुळीत केले होते. पहिल्या दिवशी मी त्या खाटेवर आमच्या पिशव्या ठेवल्या. आईने त्या काढून जमिनीवर ठेवल्या. सकाळी अण्णा कामावर गेले की आई म्हणायची, "आज आल्यावर सांगते." अण्णा यायचे, हातपाय धुवायचे, जेवायला बसायचे. मकरोना म्हणजे तिकडच्या जाड पोकळ शेवया, त्यांना आई कांदा-लसूण मसाला लावून कालवण करायची. ते दीड वर्षाने त्या चवीचं जेवत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि आई वाढत राहायची. असे पाच दिवस गेले. मी आईला दोष देत नाही. मीही तिथेच बसलेली असायची.

शुक्रवारी तिकडे सुट्टी. अण्णा म्हणाले, आज मसीफला जाऊ. मसीफ म्हणजे समुद्रावर उन्हाळ्यात लोकांनी यायची सरकारी जागा. हंगाम अजून सुरू झाला नव्हता, त्यामुळे गर्दी नव्हती. कंपनीच्या गाडीने आम्हाला फाटकाशी सोडलं. अण्णांच्या खांद्यावर एका मोटारीची फुगवलेली ट्यूब होती, तिला तीन ठिकाणी पंक्चरचे ठिगळ होते. ती त्यांनी दिगूला पाण्यात बसायला म्हणून तयार केली होती. आता माझ्याकडे बघून म्हणाले, "शालन बसंल हिच्यात."

फाटकावर एक म्हातारा रखवालदार होता. सगळे त्याला अम्म सालेह म्हणायचे, अम्म म्हणजे काका. त्याने आम्हाला लाकडी बिल्ला लावलेली किल्ली दिली. आत गेल्यावर डाव्या हाताला कुटुंबांची बाजू होती, मध्ये चुन्याने रंगवलेली कमरेएवढी भिंत, आणि पलीकडे एकट्या पुरुषांची. आमच्या बाजूला खोल्यांची एक लांब ओळ होती, निळी दारं आणि प्रत्येक दारावर आकडा. खोलीत एक बाक, भिंतीला दोन खुंट्या आणि हाताएवढा आरसा, एवढंच. कपडे बदलायचे आणि कुलूप लावून जायचं. समोर वाळूत लोखंडी खांबांवर गवती छत्र्या उभ्या केल्या होत्या. पाण्यापाशी एक उंच लोखंडी खुर्ची होती, बुडणाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी. तो माणूस हंगामात यायचा, त्यामुळे ती रिकामी होती. एक चहाची टपरी, दोन झोपाळे, जेवायला छपराखाली सिमेंटची टेबलं. अण्णा हे सगळं आम्हाला स्वतःचा कारखाना दाखवावा तसं दाखवत होते. ते एकटे असताना इथे किती वेळा आले असतील आणि त्या भिंतीपलीकडून हे बघत बसले असतील, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

समुद्र समोर होता. मला वाटलं होतं, तो आवाज करेल. पाणी नुसतं वर यायचं आणि वाळूत जिरायचं. पावसाळ्यात आमची पवना याहून जास्त आवाज करायची. रंग इतका निळा होता की मला ते पाणी वाटेना. आई छत्रीखाली सावलीत बसली. पदर डोक्यावरून घेऊन, पाय साडीखाली ओढून, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतात तशी. अण्णा मला म्हणाले, "चल, नळ दाखवतो."

खोल्यांच्या मागे अंघोळीचे नळ होते. वर चाळणीसारखी तोंडं आणि खाली उताराची फरशी. एक नळ वेगळा, बुटका, पायाची वाळू धुवायला. अण्णांनी चावी फिरवली. गोडं पाणी जोरात पडलं. "समुद्रातनं आलं की हितं उभं ऱ्हायचं," ते म्हणाले. "कितीबी वेळ. कुणी काय बोलत न्हाई. दिगू आला तर तासभर हलणार न्हाई हितनं." त्यांनी चावी बंद केली, पुन्हा उघडली. "मी साहेबाशी बोललोय. आजून येक साल वाढवून देतो म्हणलाय. पुढच्या उन्हाळ्याला त्याला आणायचाच. गोवर एकदा झाला की पुन्ना व्हत न्हाई."

मी म्हणाले, "अण्णा, दिगू नाही."

"न्हाई म्हंजे?"

"गेला तो."

"कुठं गेला?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, मामाच्या गावाहून कुठे गेला असं. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं.

पाणी चालूच होतं. त्यांच्या पॅंटच्या खालच्या कडा भिजत होत्या. त्यांनी विचारलं, "कवा?"

"गणपतीच्या आधी. घटसर्प झाला. तीन दिवसांत."

ते बोटांवर महिने मोजायला लागले. ओठ हलत होते. वैशाखापर्यंत आले आणि थांबले. "पर तुजी पत्रं."

"मी लिहायची. मामा म्हणाला तुम्हाला कळवायचं नाही."

"त्यो दात?"

"मीच लिहिलं."

"आन् ती अक्षरं? खाली काढल्याली?"

"डाव्या हाताने काढली."

मला वाटलं ते मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण आज मारतील असं वाटलं, आणि मारलं असतं तर चाललं असतं. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "चांगली काढली व्हतीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्या कारागिराने दुसऱ्याच्या कामाकडे बघून म्हणावं तसं म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या अंगांनी तपासून पाहिलं आहे. आज मला वाटतं, त्यांना बोलायचं दुसरंच काही होतं आणि तोंडात आलं ते बाहेर पडलं, जसं विमानतळावर आईच्या तोंडातून पडलं होतं.

त्यांनी नळ बंद केला. थेंब थेंब गळत होता, म्हणून आणखी घट्ट केला. मग म्हणाले, "तू सांगितलंस हे आईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग चल. ती एकटी बसलीय."

आम्ही वाळूतून गेलो. आईने आमचे पाय पाहिले, मग अण्णांचा चेहरा पाहिला, आणि तिने डबा उघडला. चपात्या होत्या, चटणी होती, उकडलेली अंडी होती. तिने तीन जागी वाढलं. अण्णा बसले आणि जेवले. मीही जेवले. मला भूक लागली होती आणि चटणी चांगली लागत होती. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. शेजारी ती ट्यूब पडली होती. जेवण झाल्यावर अण्णांनी ती मांडीवर घेतली, नखाने व्हॉल्व्हची पिन दाबून धरली आणि हवा सोडायला लागले. मोटारीच्या ट्यूबची हवा जायला फार वेळ लागतो. ते पिन दाबून समुद्राकडे बघत होते. बोट दुखलं की बोट बदलायचे. शेवटी गुडघ्याखाली दाबून उरलेली हवा काढली, ट्यूबची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

अम्म सालेह आला, हंगाम नसताना टपरीही तोच बघायचा. त्यांच्याकडे चहात शेंगदाणे घालतात, लहान ग्लासांत, दाट आणि गोड चहा. किती हवेत ते त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, "तलाता." तलाता म्हणजे तीन, एवढं आईला त्या पाच दिवसांत कळायला लागलं होतं. तिने मान वर करून अण्णांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. चहा आला. आम्ही प्यायलो आणि तळाचे शेंगदाणे बोटाने काढून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेले. त्यांनी सुट्टी मागितली नाही. लहान खाट त्यांनी वर्कशॉपमध्ये परत नेली आणि तिचे पाईप कापून नट आवळायचे पाने ठेवायचा स्टँड केला. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा तो पाहिला. घरात ते इंजिनांचं बोलायचे, वाळूने फिल्टर कसे तुंबतात ते सांगायचे. आई ऐकायची. दिगूचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटलं, आता असंच राहणार. थेरगावात जसं झालं तसंच इथे होणार, फक्त गप्प बसणाऱ्यांत एकाची भर पडली.

पण पुढच्या शुक्रवारी आई आपण होऊन म्हणाली, "तिकडं जाऊ." त्याच्या पुढच्या शुक्रवारीही म्हणाली. अम्म सालेह न विचारताच किल्ली काढून द्यायचा. आई त्याच छत्रीखाली बसायची. तिला त्या जागेचं काय आवडलं होतं ते मी खूप वर्षांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "तितं कुणी समजूत घालाया येत न्हवतं." तिसऱ्या शुक्रवारी तिने चपला काढल्या. चौथ्या शुक्रवारी ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथेच ओल्या वाळूत बसली, साडीसकट. पाणी तिच्या भोवतीने यायचं आणि जायचं. अण्णा उभे होते. मग तेही गेले आणि तिच्या शेजारी बसले.

मी झोपाळ्यावर होते. तिथून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि बोलणं अर्धंमुर्धं कानावर येत होतं, कारण समुद्र आवाज करत नव्हता. आधी अण्णांनी विचारलं, "दवाखान्यात कोण व्हतं?" आई म्हणाली, "मी आन् रशीदभाऊ." "पाणी मागितलं का त्यानं?" "मागितलं. गिळंना. मी फडक्यानं व्हट भिजवलं." मग ती सांगत गेली. पहिला दिवस, दुसरा दिवस, टेम्पो, मांडीवरची चादर. खड्डा आला की तिने हात कसे धरले ते. तिने हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, मलाही नाही. सांगता सांगता तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, थेरगावात त्या बायकांना जसं हवं होतं तसं. झोपाळ्याच्या साखळीचा आवाज होऊ नये म्हणून मी पाय टेकवून बसले. टपरीतून अम्म सालेह बाहेर आला, त्याने पाहिलं आणि परत आत गेला.

खूप वेळाने ती थांबली. मग अण्णांनी बसल्या बसल्या उजवा हात वर केला आणि तळवा खाली करून आपल्या डोक्याहून जरा उंच हवेत धरला. तेवढाच धरून ठेवला आणि आईकडे पाहिलं. अण्णा लिबियाला निघाले तेव्हा दिगू तेवढा होता.

आईने पदराने तोंड पुसलं. तिने त्यांचं मनगट धरलं आणि हात तीन बोटं वर उचलला.

"येवढा झाला व्हता," ती म्हणाली.